हजाराची रेघ

त्या सकाळी सुवर्णाचा आकडा चारशे दहा आला आणि दिगंबरचा नऊशे ऐंशी.

चहा उकळेपर्यंत दोघांनी आपापला फोन दंडाला टेकवायचा, ही त्या घरातली चार वर्षांची रीत होती. दंडाच्या आतल्या अंगाला, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं एक यंत्र बसवलेलं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव भलं लांबलचक होतं. लोकांनी त्याला राखणदार म्हणून टाकलं. रोज पहाटे तो रक्तातले एचआयव्हीचे विषाणू मोजायचा. वीस थेंब रक्तात विषाणू किती, तो आकडा. आकडा हजाराच्या खाली असला तर राखणदार गप्प बसायचा. हजाराची रेघ ओलांडली की आपल्या पोटातल्या साठ्यातून महिनाभर पुरेल इतकं औषध रक्तात सोडायचा आणि विषाणू पुन्हा बिळात शिरायचा.

त्याआधी रोजची गोळी होती. पाहुण्यांपासून लपवायची, लग्नाकार्याला जाताना रुमालात बांधून न्यायची, चुकली की जीव टांगणीला. शिवाय वर्षानुवर्षं घेऊन हाडं आणि मूत्रपिंडं कुरकुरायला लागायची ती वेगळीच. मग एक लस निघाली. तीन टोचण्यांत ती शरीराला विषाणू दाबून ठेवायला शिकवायची. विषाणू मरत नसे, पण दबकून राही. दबकलेला चोर कधी डोकं वर काढेल याचा नेम नाही, म्हणून त्याच्यावर हा राखणदार. गोळ्या सुटल्या आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या त्या द्राक्षपट्ट्यात कित्येक घरांनी मोकळा श्वास घेतला.

"माझं आज-उद्या सुटतंय बघ औषध," दिगंबर म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला. दोन-अडीच महिन्यांनी त्याचा आकडा हजारावर जायचा, औषध सुटायचं, आकडा खाली यायचा. गड्याची तब्येत खणखणीत होती. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तांब्याची तार गुंडाळत बसायचा आणि दमायचा नाही.

सुवर्णाचं औषध चार वर्षांत एकदाही सुटलं नव्हतं. तिने चहा गार होऊ दिला. तोंडात फोड आले होते, गरम काही सोसवत नव्हतं. गेला महिनाभर तिला बसलं की उठवत नव्हतं आणि उठली की कुठे टेकू म्हणून जीव शोधत राहायचा. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आकडा चारशे दहा असलेल्या बाईने तक्रार कसली करायची?

पूर्वी ती बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची. राखणदार आला तेव्हा सरकारी एचआयव्ही उपचार केंद्राला गावोगावच्या बायकांना समजावणारी एखादी त्यांच्यातलीच बाई हवी होती, आणि तिथल्या डॉक्टर नसीमा मुलाणी यांनी तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून ती केंद्राची सखी झाली. चौदा गावं, एकसष्ट बायका. प्रत्येकीच्या दारात बसून, स्वतःचा दंड दाखवून, तिने त्यांना तयार केलं होतं. राखणदार कधी अडलाच तर हाताने औषध सोडायची चावीही तिच्याकडेच असायची. पेनाएवढी चावी, दंडावर तीन सेकंद धरली की राखणदार एक डोस सोडायचा आणि तशी नोंद व्हायची.

आता या आकड्याचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. यंत्र करणाऱ्यांनी तो डॉक्टरांसाठी केला होता, पण आकडा म्हटलं की माणसं त्याची तुलना करणारच. आणि तुलना केली तर घरोघरी एकच दिसायचं: नवऱ्याचा आकडा मोठा, बायकोचा निम्मा. बघता बघता पट्ट्यात एक समजूत रुजली की ज्याचा आकडा मोठा त्याने आजार घरात आणला, ज्याचा लहान तिला तो मागून लागला. कुणी म्हणे बायकांचे उपासतापास फळाला आले. राखणदारातून एकदाही औषध सुटलं नाही अशा बाईला लोक शून्यवाली म्हणू लागले, आणि त्या शब्दात मान होता. ज्या बायकांना वर्षानुवर्षं विहिरीवर, पंगतीत, माहेरी खाली मान घालून वावरावं लागलं होतं, त्यांच्या बाजूने पहिल्यांदाच कुणीतरी साक्ष दिली होती.

सुवर्णाने ही समजूत कधी खोडून काढली नव्हती. खरं सांगायचं तर तिलाही ती गोड लागायची. बारा वर्षांपूर्वी दोघांचे रिपोर्ट आले तेव्हा तिने दिगंबरला काही विचारलं नव्हतं आणि त्याने काही सांगितलं नव्हतं. त्याआधी तो बोअरवेलच्या गाडीवर कर्नाटकात, आंध्रात महिनोन् महिने फिरायचा, एवढं तिला ठाऊक होतं. तो प्रश्न दोघांमध्ये भिंतीसारखा उभा होता. राखणदार आल्यापासून मात्र रोज सकाळी तिच्या फोनवर उत्तर उमटायचं. तीही काही बोलत नव्हती आणि तोही.

या समजुतीचा सगळ्यात मोठा आधार रेश्माला मिळाला होता. रेश्मा कुमठाळ्याची. तिचा नवरा अंकुश आणि दिगंबर एकाच बोअरवेलच्या गाडीवर कामाला होते, त्यामुळे दोन्ही घरांची जुनी ओळख. राखणदार येण्याआधीच पार खंगलेला अंकुश शेवटी वारला तेव्हा थोरला दीर धनाजी म्हणाला, बाईनेच आमच्या भावाला घालवलं, हिचा घराशी संबंध नाही. तेव्हा रेश्मा भावकीच्या बैठकीत उभी राहिली, आपल्या फोनवरची तीन वर्षांची नोंद तिने सगळ्यांपुढे धरली. शून्य डोस. अंकुशच्या राखणदाराने मरेपर्यंत एकोणीस डोस सोडले होते. भावकीने ते मानलं. घर रेश्माकडे राहिलं. ती गोष्ट चौदाही गावांत गेली, आणि सुवर्णाला नव्या बायकांना तयार करायला त्यानंतर फार बोलावं लागलं नाही.

आषाढ सरता सरता सुवर्णाच्या लक्षात एक गोष्ट आली. एका बाईला पाठीवर नागीण उठली. आठवड्याने दुसऱ्या गावात दुसरीला उठली. अनुसया माळी म्हणून एक वयस्क बाई होती, तिचा खोकला दीड महिना हटत नव्हता. तिघींचे आकडे पाचशेच्या आत होते. सुवर्णाने आरशात स्वतःच्या जिभेवरचा पांढरा थर पाहिला आणि तशीच उठून केंद्रात गेली.

डॉक्टर मुलाणींनी तिचं तोंड बघितलं, आकडा बघितला, पुन्हा तोंड बघितलं. मग म्हणाल्या, आपण सैनिक पेशी मोजू. ती तपासणी पूर्वी दर सहा महिन्यांनी व्हायची. राखणदार आल्यावर आकडा पुरेसा आहे असं ठरलं आणि ती बंद पडली होती. दोन दिवसांनी त्यांनी सुवर्णाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. चांगल्या माणसाच्या रक्तात ज्या पेशी सातशे-आठशे असाव्यात, त्या तिच्या दोनशे नव्वद होत्या. दिगंबरच्या सहाशे वीस.

"मशीन बिघडलंय?" सुवर्णाने विचारलं.

"मशीन बरोबर मोजतंय," डॉक्टर म्हणाल्या. "रेघ चुकीच्या जागी आहे."

त्यांनी कागद ओढला आणि समजावून सांगायला घेतलं. बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या एकच. बाईच्या दोनांपैकी एक निजवलेलं असतं. पण विषाणू दिसला की हाकाटी करणारं एक जनुक आहे, ते त्या निजलेल्या गुणसूत्रावरूनही काही पेशींत जागं राहतं. म्हणून बाईचं शरीर विषाणू बघून पुरुषाच्या दुप्पट जोराने ओरडतं. त्या ओरड्याने सुरुवातीला विषाणू दबतो आणि आकडा निम्मा राहतो. पण ओरडा थांबत नाही. रात्रंदिवस तो चालू राहिला की सैनिक पेशी दमतात, झिजतात, मरतात.

"म्हणजे असं बघ," त्या म्हणाल्या, "पुरुषाचं शरीर हजारावर जेवढं खंगतं, तेवढं बाईचं चारशे-पाचशेवर खंगतं. तुझा राखणदार हजाराची वाट बघत बसलाय आणि तू आत रिकामी होत चालली आहेस."

सुवर्णाने विचारलं, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं का? डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, चाळीस वर्षांपासून माहीत आहे. बायकांचा आकडा कमी असतो आणि आजार तरी त्याच वेगाने वाढतो, हे जुन्या अभ्यासांत लिहिलेलं आहे. पण मध्यंतरी नियम असा झाला की आजार कळला की त्याच दिवशी गोळी सुरू, आकडा कितीही असो. मग कुणाला रेघेची गरजच उरली नाही, आणि ही गोष्ट पुस्तकात पडून राहिली. राखणदार करणाऱ्यांनी पुन्हा वाट बघायची पद्धत आणली, आणि वाट किती बघायची हे ज्या माणसांवर ठरवलं त्यांत आठांत एक बाई होती.

सुवर्णाच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. तिने तो शेवटी विचारला. "मग आकडा कमी म्हणजे आजार मागनं लागला, असं न्हाई?"

"मुळीच नाही. कोणाकडून कोणाला गेला, हे या आकड्याला कधीच कळत नव्हतं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी वर पत्र लिहिलं. रेघ बदलायची तर यंत्राची आज्ञावली बदलायला हवी, ती मुख्यालयातूनच बदलणार, त्याला समिती, चाचण्या, मंजुरी. उत्तर येईपर्यंत त्यांनी एक लेखी सूचना सुवर्णाच्या हातात दिली. प्रत्येक बाईला खरं काय ते सांगायचं, तिची हरकत नसेल तर चावीने डोस सोडायचा, आणि तपासणीला पाठवायचं. आजपासूनच सुरू कर, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सुवर्णाच्या दंडावर त्यांनी स्वतः चावी धरली.

सुवर्णा घरी आली तेव्हा दिगंबर दुकानातून जेवायला आला होता. तिने सगळं सांगितलं, गुणसूत्रं, ओरडा, रेघ, सगळं. तो भाकरी मोडता मोडता थांबला होता. तिला वाटलं होतं की तो तिच्या दोनशे नव्वदाबद्दल काही विचारेल.

"मग माझ्याकडनंच आलं कशावरनं?" तो म्हणाला.

वाक्य तोंडातून सुटलं आणि त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. पण शब्द परत घेतला नाही. हात धुऊन तो दुकानात निघून गेला. सुवर्णा ताटासमोर बसून राहिली. चार वर्षं रोज सकाळी आकडा बघताना ती सुखावायची आणि तो समोर बसून बशीत चहा ओतायचा, हे तिला पहिल्यांदाच त्याच्या बाजूने दिसलं, आणि तरीही तिला त्याचा इतका राग आला की समोरचं ताट तिने तसंच उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती कुमठाळ्याला जायला निघाली आणि फाट्यावरून परतली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला निघाली, तिथे एका बाईच्या ओट्यावर बसून द्राक्षाच्या छाटणीबद्दल बोलली आणि चावी पिशवीतून न काढता परत आली. दारात बसून ज्या बायकांना तिने हे यंत्र घ्यायला लावलं, त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं तर प्रत्येक घरात हाच प्रश्न उठणार होता. मग माझ्याकडनंच आलं कशावरनं. तिच्या घरात दिगंबर होता, तरी तो असं बोलला. बाकीच्यांच्या घरात कोण होतं? वरून उत्तर येऊ दे, रेघ आपोआप बदलू दे, मग कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं ती मनाला समजावत राहिली. घरात तिला बसवत नव्हतं आणि बाहेर पाय निघत नव्हता. कपाटं आवरायची, परत उपसायची. डॉक्टरांनी फोन केला की सांगायची, चालू आहे.

तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी अनुसया माळीला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. क्षय मेंदूपर्यंत गेला होता. गुरुवारी ती गेली. तिच्या राखणदाराने शेवटच्या दिवशी सकाळी आकडा दाखवला होता, चारशे पंचावन्न, आणि औषध सोडलं नव्हतं.

मातीहून परत आल्यावर सुवर्णाने अंघोळ केली, पिशवी घेतली आणि स्कूटर काढली. त्या दिवशी तिने पाच घरं केली. दुसऱ्या दिवशी नऊ. एका घरी तिला पाणी विचारलं नाही. एका घरी सासूनेच सुनेचा दंड पुढे केला आणि म्हणाली, सोड बाई, मला नातवंडांची आई पायजे. एक बाई रडली. एकीने आत जाऊन दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः केंद्रात येऊन बसली. एकीच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, आणि सुवर्णाला भीती होती तोच प्रश्न विचारला. बायको त्याला म्हणाली, आधी दंड, मग भांडण. आठ दिवसांत पन्नासच्या वर डोस सुटले. पट्ट्यातल्या शून्यवाल्या बघता बघता कमी होत गेल्या.

रेश्माने मात्र ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. तिच्या पायांवर काळे डाग उठले होते, साडी घोट्यापर्यंत ओढून ती बसली होती. सुवर्णाने परोपरीने विनवलं. रेश्मा म्हणाली, धनाजी दर महिन्याला फोन बघायला मागतो, आणि तू गावभर जे सांगत फिरतीस ते त्याच्याही कानावर गेलंय.

"माझं घर ह्या शून्यावर उभं हाय, सुवर्णा," ती म्हणाली. "ते पडलं तर जगून राहू कुठं?"

घरी येऊन सुवर्णाने हे दिगंबरला सांगितलं. त्या दुपारच्या जेवणानंतर त्यांच्यात कामापुरतंच बोलणं होतं. तो दुकानातून घरी आणलेल्या मोटारीच्या गाभ्यावर तार चढवत होता. त्याने मान वर केली नाही, पण तारेचे वेढे मोजताना चुकला, सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घातलेले कपडे बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि म्हणाला, मी येतो कुमठाळ्याला. कशाला, ते सांगितलं नाही.

रेश्माच्या सोप्यात धनाजी आधीच येऊन बसला होता. रेश्माची सासू हिराबाई खांबाला टेकून शेंगा फोडत होती. धनाजी सुवर्णाकडे बघून म्हणाला, बरं झालं तुम्हीच आलात, आकड्याला काही अर्थ नाही हे तुमच्याच तोंडून भावकीपुढे होऊ दे. सुवर्णा काही बोलणार एवढ्यात दिगंबर पुढे झाला. तो बसला नाही.

त्याने हिराबाईकडे बघून सांगितलं. अंकुश आणि तो रायचूरकडे गाडीवर होते. गावाबाहेर मुक्काम पडला होता, पाणी लागेना म्हणून चार दिवसांचं काम अकरा दिवसांवर गेलं होतं. एका संध्याकाळी दोघे रस्त्याकडेच्या धंदेवाल्या बायकांच्या घरात गेले, आणि नंतर त्या अकरा दिवसांत पुन्हा पुन्हा गेले. पुढच्या वर्षीही गेले. त्यानंतर कधीतरी अंकुश आजारी पडला, हुबळीत त्याने रक्त तपासून घेतलं, आणि त्याचा कागद त्याने दिगंबरला दाखवला. तो कागद दिगंबरने स्वतः वाचला होता.

"तेव्हा अंकुशचं लग्न व्हायचं होतं," तो म्हणाला. "रेश्मावैनींचं स्थळ आलं तेव्हा मी त्याला बोललो, सांगून टाक. तो म्हणाला, तू सांगितलंस का तुझ्या घरी? मी गप्प बसलो. मग तोही गप्प बसला."

सुवर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बारा वर्षं जे तिने विचारलं नव्हतं ते आज परक्याच्या घरात, परक्या माणसांना सांगितलं जात होतं, आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. दिगंबरचा आवाज मोटारीच्या गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच सपाट होता. फक्त त्याची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती.

धनाजी म्हणाला, मेलेल्या माणसावर काहीही घालता येतं. दिगंबर म्हणाला, मी जिवंत आहे, माझ्यावरही तेच घालतोय. पण धनाजी हार मानणारा गडी नव्हता. घराचं पुन्हा बघू, एवढं बोलून तो पायताण घालून निघून गेला. हिराबाई उठली आणि सूप घेऊन आत गेली. ती काय समजली, कुणालाच कळलं नाही.

रेश्मा सुवर्णासमोर येऊन उभी राहिली. तिने पदर खांद्यावरून मागे सारला आणि दंड पुढे केला. सुवर्णाने चावी धरली. तीन सेकंदांत काम झालं. रेश्माने दोघांना चहा विचारला नाही, आणि ती माणसं उंबऱ्याबाहेर गेल्यावर दार लोटून घेतलं.

परत येताना गावाच्या ओढ्यापाशी दिगंबरने स्कूटर थांबवली. तो उतरून कडेला उभा राहिला. त्या दिवशी जेवताना बोललो ते बोलायला नको होतं, असं काहीसं तो म्हणाला. सुवर्णाने त्याच्याकडे बघितलं. राग होता, तो जुनाच होता. पण हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आज जिथे उभा राहिला, तिथे उभं राहायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं, हेही खरं होतं.

"चला," ती म्हणाली. "अजून दोन घरं राहिल्यात."

त्यांचं भांडण मग झालं, आठवड्याने झालं आणि चांगलं महिनाभर पुरलं. ती दोन दिवस माहेरी जाऊन आली. परत आल्यावर दोघं बोलू लागली ती पूर्वीपेक्षा जास्त. तो जे सांगायचा ते सगळं तिला ऐकवत नसे, तरी ती ऐकायची.

रेघ बदलायला दीड वर्ष लागलं. डॉक्टर मुलाणींनी उरलेल्या साठ बायकांच्या तपासण्या वर पाठवल्या, दुसऱ्या जिल्ह्यांतूनही तसेच कागद गेले, समित्या बसल्या. शेवटी एका सकाळी सगळ्या बायकांच्या राखणदारांना नवी आज्ञावली मिळाली. बायकांची रेघ साडेतीनशेवर आली, आणि वर्षातून दोनदा सैनिक पेशी मोजणं पुन्हा सुरू झालं. पुरुषांची रेघ हजारावरच राहिली. त्यांना ती बरोबर बसत होती. तोवर चाव्यांनीच काम भागवलं होतं. सुवर्णाच्या पेशी साडेचारशेवर चढल्या, तोंड बरं झालं. पण स्वस्थ बसायची तिची सवय मोडली ती मोडलीच. आकडा कितीही चांगला असला तरी ती दारात जाऊन बाईचा चेहरा बघून यायची.

रेश्माच्या घराची वाटणी झाली. पुढचा सोपा आणि अंगण धनाजीने घेतलं. मागच्या दोन खोल्या रेश्माला राहिल्या, बोळाच्या बाजूने वेगळं दार काढून. त्या दोन खोल्याही गेल्या असत्या, पण भावकीच्या बैठकीत हिराबाई म्हणाली की मी रेश्माकडे राहणार, आणि आपलं अंथरूण उचलून तिकडे गेली.

केंद्रात राखणदाराचा साठा भरायचा दिवस होता तेव्हा रेश्मा आली. त्या दिवसानंतर ती सुवर्णाशी बोलली नव्हती. साठाही दुसऱ्या सखीकडून भरून घ्यायची. आज ती सुवर्णाच्या टेबलासमोर येऊन बसली. सुवर्णाने काम केलं आणि तपासणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. सैनिक पेशी चारशे सत्तर. रेश्माने तो वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. पण उठली नाही.

"तुला कधी कळलं होतं हे?" तिने विचारलं. "माझ्याकडं आलीस त्याच्या आधी किती दिवस?"

सुवर्णाला खोटं बोलता आलं असतं. हा प्रश्न डॉक्टरांनीही तिला कधी विचारला नव्हता.

"महिनाभर," ती म्हणाली. "तीन आठवडे मी कुणाकडंच गेले न्हाई. घरी बसून होते."

"आणि अनुसयाकाकी?"

"त्याच दिवसांत खंगत गेल्या. मी गेले असते तर कदाचित..."

रेश्माने दाराबाहेर बघितलं. बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या, नवी रेघ काय आणि कशासाठी हे ऐकायला. त्यांच्यात अनुसयाची थोरली सूनही होती. तिचा अजून साठा भरायचा होता.

"हे त्यांना सांगितलंस?" रेश्माने विचारलं.

"न्हाई."

"मग सांग," रेश्मा म्हणाली. "मी बसते शेजारी."

ती उठली, आपली खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन गेली आणि सुवर्णाच्या खुर्चीला लावून ठेवली. सुवर्णा बाहेर आली, खुर्चीत बसली, परत उभी राहिली, आणि अनुसयाच्या सुनेकडे बघून तिने बोलायला सुरुवात केली.